आमच्या साडूंचा दुसरा व्यापार

आमच्या साडूंइतका पक्का व्यापारी आणि त्यांच्याइतका भित्रा चोर उभ्या खानदेशात दुसरा सापडायचा नाही, आणि हे दोन्ही धंदे ते सावद्याच्या घरात, बनियन-लुंगीवर, मुलाच्या फिरत्या खुर्चीत बसून करतात. धंदे खरे नाहीत, कॉम्प्युटरवरच्या खेळातले आहेत. राजे, किल्ले, जंगलं, बाजार असलेला भला मोठा मुलूख; त्यात आपला एक शिपाईगडी घ्यायचा आणि वाट फुटेल तिकडे हिंडायचं. राज्य वाचवायचं, राक्षस मारायचा, असं बरंच काही त्यात योजलेलं आहे म्हणे. साडूंनी राक्षसाच्या वाटेला जायचं नावसुद्धा काढलेलं नाही. "त्याले मारून काय भाव भेटीन?" असं ते विचारतात. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे अक्का, साडूंना दिलेली, म्हणून हे सगळं मला जळगावात बसून रोज फोनवर ऐकावं लागतं. निवृत्तीनंतर माणसाला शांतता मिळते असं जे सांगतात, त्यांना साडू नसावेत.

त्यांचा जन्म गेला केळीच्या व्यापारात. बागेत शिरून घडाला हात लावला की माल कुठवर टिकेल ते सांगायचे. केळीवाल्याचा धर्म एकच: माल अंगावर ठेवायचा नाही, आज कापला तो आजच गाडीत. आता खेळातली सफरचंदं वर्षभर पोतडीत ठेवली तरी नासत नाहीत, पण साडूंना हे काही केल्या पटत नाही. एका खेड्यातला स्वस्त माल डोंगरापलीकडच्या शहरात चढ्या भावाने जातो, हे त्यांनी स्वतः हिंडून शोधून काढलं. तरी अर्ध्या वाटेवर त्यांचा जीव खालीवर होतो आणि मिळेल त्या गावात, पडेल त्या भावाने ते सगळा माल फुंकून मोकळे होतात. "अहो, चित्रातली फळं आहेत ती," मी एकदा कळवळून म्हणालो. "साहेब, तुम्ही नोकरी केली," ते म्हणाले, "तुमचा पगार काही सडत नव्हता."

भाव करण्याची त्यांची तऱ्हा तर अशी, की शेजारी स्टुलावर बसून पाहताना माझी पाठ धरते. खेळातला दुकानदार ठरलेलं एकच वाक्य बोलतो आणि ठरलेलाच भाव देतो. साडू मान हलवतात, माल आवरतात आणि आपल्या गड्याला मुद्दाम संथ चालवत दाराबाहेर नेऊन उभा करतात. "आता हाक मारीन पाहा," मला सांगतात. आम्ही थांबतो. चहावर साय धरते. दुकानदार आपला आत झाडू मारत राहतो. मग साडू परत आत जाऊन त्याच भावाने माल देतात आणि मला म्हणतात, "बेपारी जबर हाय. डोया सुद्धा लवत नाही त्याचा." त्यांच्या बोलण्यात त्या दुकानदाराबद्दल खराखुरा आदर असतो.

चोरीचं म्हणाल, तर रात्री सावलीतून वाकून जायचं, पहारेकऱ्याची पाठ फिरली की आत शिरायचं, अशी त्या खेळात सोय आहे. साडू सरदारांच्या कोठारात शिरतात, पोती मोजतात आणि एका दाण्याला हात न लावता परत येतात. कोणाकडे किती माल पडून आहे हे कळलं की उद्याचा भाव कळतो, एवढाच त्यांचा हेतू. चुकून एखादं भांडं हाताला लागलं तर ते जागेवर ठेवायला पुन्हा जातात आणि नेमके तेव्हाच पकडले जातात. या कामाला निघताना ते चपला काढतात, पंखा बंद करायला लावतात, स्वतः खुर्चीत पोक काढून बसतात आणि घरातल्यांनी कुजबुजत बोलावं असा दंडक असतो. एकदा ऐन वेळी कुकरची शिट्टी झाली आणि पहारेकरी वळला. ती शिट्टी त्याने ऐकली यावर साडू आजही ठाम आहेत. "मंग मी काय आता कच्चं वाढू?" अक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

हा खेळ मुळात त्यांच्या एकुलत्या एका मुलाचा. त्याने केळीच्या धंद्यात यायचं नाकारलं, धुळ्याला नोकरी धरली आणि तेव्हापासून बापलेकांत बोलणं नाही. कडाक्याचं भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. पण दोघेही घुमे. पुढे गुडघ्यांपायी साडूंनी व्यापार आवरला. पोरगं दार लावून या यंत्रापुढे काय करायचं ते एकदा पाहू, म्हणून बसले आणि तिथेच अडकले. मुलगा सणाला येतो, आईशी बोलतो, निघून जातो. "भाऊ, तुम्ही तरी काही करा," अक्का मला म्हणायच्या, "मी मधात बसून बसून थकली." मीही थकलो होतो. हा विचारायचा, आबा कसे आहेत. ते विचारायचे, त्याचं बरं चाललंय ना. एकमेकांना विचारा म्हटलं की दोघे फोन ठेवायचे.

यंदा साडूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन जळगावात झालं. "त्याले सांगायचं नाही," असा मला आणि अक्कांना दम होता. ते आमच्याकडेच मुक्कामाला होते. दोनेक दिवस गेले असतील, तोच धुळ्याहून मुलाचा फोन.

"काका, आबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. का रे?"

"खेळ बंद आहे." मग तो म्हणाला, "खातं माझंच आहे ना. ते खेळायला बसले की माझ्या मोबाइलवर हिरवा ठिपका पेटतो. तो दिसला की मी जेवायला बसतो."

दम विसरून मी सगळं सांगून टाकलं.

साडू सावद्याला परतले त्या रविवारी मुलगा तिथे हजर. साडू काळा चष्मा लावून खाटेवर पडलेले, पडद्याकडे बघायची बंदी. मुलगा खुर्चीत बसला आणि त्याने खेळ सुरू केला. बराच वेळ गेला. मग खाटेवरून आवाज आला, "कुठी हाय आता?"

"वेशीपाशी, आबा. पहारेकरी झोपलाय."

"झोपला नसीन. सोंग करत असीन. थांब जरा."

दुपारभर तो पडद्यावरचं सांगत होता आणि हे डोळे मिटून वाट दाखवत होते. धंद्याचा किंवा नोकरीचा शब्द कोणी काढला नाही. अक्कांनी त्या दिवशी कुकर लावलाच नाही, पातेल्यात भात शिजवला.

पुढे डॉक्टरांनी डोळा अगदी स्वच्छ असल्याचं सांगितलं. तेव्हा मीच सोबत होतो. पण साडूंची तक्रार काही जात नाही. अंधारी येते, पडद्यावरचं दिसत नाही, कोणीतरी वाचून सांगायला पाहिजे. त्यामुळे मुलगा आता दर रविवारी येतो.

मागच्या रविवारी साडूंनी मलाही सावद्याच्या स्टँडवर उभं केलं. वळणावर एसटी दिसली, पाटीवरचं 'धुळे' मला अजून नीट लागत नव्हतं, तोच ते म्हणाले, "धुयाची आली." आणि खिशातून काळा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते भलतीकडेच पाहत होते. मुलगा उतरला. "आबा, पुढे पायरी आहे," म्हणत त्याने त्यांचा दंड धरला. त्या स्टँडची फरशी न् फरशी ठाऊक असलेला माणूस पाय चाचपत पायरी उतरला. मी पिशवी घेऊन मागून चालत होतो, आणि हा डोळा इतक्यात बरा होऊ नये असं मला फार वाटलं.