बंबकाकांकडचा नाताळ

माणसं पार्टीला आली की आधी यजमानाला भेटतात, मग खाण्याकडे वळतात. बंबकाका आधी दारं मोजत. किती दारं, कुठल्या बाजूला उघडतात, जिन्यात सायकल उभी आहे का, पडदा शेगडीपासून किती अंतरावर आहे. एवढं झालं की त्यांचा चेहरा सैल पडे आणि मग ते म्हणत, "हं, आता द्या काय सरबत द्यायचं ते."

अग्निशमन दलात एकतीस वर्षं तपासनीस म्हणून काढल्यावर माणसाचं असं होतं. नाव त्यांना होतं, पण ते पेन्शनच्या कागदावर. घरात पुतणीपासून थोरल्या भावापर्यंत बहुतेक सगळे त्यांना बंबकाका म्हणत. थोरल्या भावाने आपल्या धाकट्या भावाला काका म्हणावं यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. बंबकाकांना तर नाहीच.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. वहिनींच्या मते, एकाही मुलीच्या घराला दोन दरवाजे नव्हते म्हणून.

घरातला नाताळ म्हणजे दादा-वहिनींचा नाताळ. दादा भूगोलाचे मास्तर आणि वहिनी केकच्या. त्यांच्या घरचा रिवाज असा की केक आधी करून ठेवायचा नाही. नाताळच्या दिवशी सगळी मंडळी जमल्यावर, बरोबर चारच्या ठोक्याला तो ओव्हनमधून बाहेर यायचा आणि गरम असतानाच कापायचा. दुसरा रिवाज बंबकाकांनी घातलेला. जेवणं झाली की ते खिशातून शिट्टी काढत आणि सगळ्या खानदानाला आग लागल्याचा सराव करावा लागे. हातातलं टाकायचं, ढकलाढकली नाही, शेवटच्याने दार ओढून घ्यायचं, फाटकाबाहेर उंचीप्रमाणे उभं राहायचं, हजेरी. वहिनी मात्र कधी उठल्या नाहीत. "भांडी घासून झाली की जळते," असं म्हणत त्या आतच थांबत. बंबकाका दरवर्षी वहीत त्यांची नोंद 'अपघातग्रस्त' अशी करत.

यंदा दादा-वहिनींनी मोठं घर सोडून दोन खोल्यांत बिऱ्हाड हलवलं आणि प्रश्न उभा राहिला, नाताळ कुठे?

"हॉटेलात," पुतणी म्हणाली. ती लोकांची लग्नं आणि वाढदिवस साजरे करून देणाऱ्या कंपनीत होती, त्यामुळे घरच्यांचा आनंदही तिला नियोजनाशिवाय बघवत नसे. "दोन मजली झाड आहे तिथे. गाणारी मंडळी आहेत. भांडी घासायची नाहीत. पुढच्या वर्षीचं टेबल आत्ताच धरून ठेवतात. नाताळ झाला की दुसऱ्या दिवशी सांगायचंय त्यांना."

"माझ्याकडे करा," बंबकाका म्हणाले.

टेलिफोनवर एवढी शांतता पसरली की त्यांना वाटलं, लाइन गेली.

"काका, तुमच्याकडे?"

"माझ्याकडे. केकसुद्धा मीच करीन. जमलं तर दरवर्षी माझ्याकडे. नाही जमलं तर जा हॉटेलात."

ते त्वेषाने बोलून गेले खरे, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ स्वयंपाकघरात उभे राहिले. कपाटात सहा कप होते. त्यातले पाच, आणले त्या दिवसापासून तसेच कोरे होते. दुसऱ्यांच्या घरची दारं मोजण्यात आयुष्य गेलं. आपल्या दारातून एका वेळी एकापेक्षा जास्त माणसं कधी आत आली, हे आठवायला त्यांना वही काढावी लागली असती, आणि वहीत तशी नोंद नव्हती. हॉटेलात ते जाणार नव्हते. त्या हॉटेलची तपासणी त्यांनीच केली होती.

केक शिकायला ते वही घेऊन वहिनींकडे गेले.

"लोणी किती?"

"लागेल तेवढं."

"म्हणजे किती?"

"केक मागेल तेवढं, भाऊजी."

"वहिनी, केक झाल्याशिवाय मागणार कसा? आणि झाल्यावर मागून उपयोग काय?"

वहिनींनी दादांकडे पाहिलं. दादा वर्तमानपत्रात शिरले. अखेर वहिनी अंदाजाने वाडग्यात घालायच्या आणि बंबकाका ते हिसकावून काट्यावर ठेवायचे, असा तह झाला. मनुका, बेदाणे, चेरी आणि संत्र्याची साल महिनाभर रममध्ये भिजत ठेवायची, हे ऐकून ते गंभीर झाले. रम किती तापमानाला पेट घेते ते त्यांना ठाऊक होतं. बरणी त्यांनी न्हाणीघरात ठेवली, बाहेर पाटी लावून.

"आणि भांडं काठोकाठ भरू नका," वहिनींनी शेवटी बजावलं. "वरून तीन बोटं रिकामी ठेवा."

बोट हे माप बंबकाकांना मान्य नव्हतं. त्यांनी वहीत लिहिलं : तीन सेंटिमीटर.

पार्टीचा विषय पुतणीने ठरवला. प्रत्येकाने नाताळच्या झाडावर टांगायची एकेक वस्तू होऊन यायचं. बंबकाकांनी अटी घातल्या. कापूस शेगडीपासून दोन मीटर दूर. जरीच्या झिरमिळ्या ओलसर करून. दादा मेणबत्ती होऊन आले. पांढरा लांब झगा आणि डोक्यावर पिवळ्या कागदाची ज्योत. बंबकाकांनी दारातच ज्योत काढून घेतली.

"अरे, मग मी काय दिसतो?"

"विझलेली मेणबत्ती."

"मला तर वाटतं मी पांढरा बांबू दिसतो," दादा म्हणाले आणि आत येऊन कोपऱ्यात उभे राहिले, कारण त्या झग्यात बसता येत नव्हतं.

धाकटी बहीण चांदणी होऊन आली. तिचा नवरा, म्हणजे दंतवैद्य मेहुणे, कापसाने मढलेला हिममानव होऊन आले आणि दोन मीटरच्या अटीमुळे त्यांना आल्यापासून व्हरांड्यात बसावं लागलं. पुतणीने देवदूताचे पंख लावले होते, तिची सहा वर्षांची ठकू घंटा झाली होती आणि चालताना तोंडाने वाजत होती. स्वतः बंबकाका भेटवस्तू झाले होते : लाल कागदाने मढवलेला मोठा खोका, वरून डोकं, बाजूंनी हात. दारातून जाताना त्यांना आडवं व्हावं लागे.

वहिनी रोजच्याच कपड्यांत आल्या.

"आई, तू काय झालीयेस?" पुतणीने विचारलं.

"मी झाड झालेय," वहिनी म्हणाल्या. "लटकायचं ते तुम्ही."

केक दीड वाजता ओव्हनमध्ये गेला होता. साडेतीनपर्यंत सगळं इतकं सुरळीत चाललं, की बंबकाकांना तोच अपशकुन वाटला. घरभर रमचा, लोण्याचा, दालचिनीचा वास होता. धाकटी हळूच पुतणीला म्हणाली, "बंबभाऊने बिस्किटं पण केलीयत गं. मोजून. प्रत्येकी चार."

"पाचवं मागितलं तर?"

"अर्ज करायचा असेल."

पण पुतणी हसली आणि तिने तिसरं बिस्किट उचललं, हे बंबकाकांनी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. खोक्यात त्यांची छाती थोडी फुगली.

चारला बारा मिनिटं कमी असताना केकने भांड्याची हद्द ओलांडली. तीन बोटं आणि तीन सेंटिमीटर यांच्यात जेवढा फरक असतो तेवढं पीठ काठावरून ओघळलं, ओव्हनच्या तळावर पडलं आणि साखर करपू लागली. निळसर धुराची एक रेघ ओव्हनच्या फटीतून निघाली, छताला गेली, आणि बंबकाकांच्या घरात लावलेल्या चार धुराच्या घंटा एकदम किंचाळल्या.

तीस वर्षांचा सराव वाया गेला नाही. कुणी ओरडलं नाही. धाकटीने हातातला ग्लास ठेवला. पुतणीने ठकूला पुढे घातलं. दादा बांबूसारखे ताठ चालत गेले. बंबकाका शेवटी निघाले, आडवे होऊन, आणि त्यांनी नियमाप्रमाणे दार ओढून घेतलं. दार बंद झाल्याचा आवाज आला तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला : केकला अजून अकरा मिनिटं आहेत.

रस्त्यावर उंचीप्रमाणे रांग लागली होती. मेणबत्ती, हिममानव, देवदूत, चांदणी, घंटा. समोरचा औषधवाला दुकानाच्या पायरीवर आला. दोन बायका पिशव्या खाली ठेवून उभ्या राहिल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"सहा," बंबकाका म्हणाले. "माझ्यासकट सहा. सात हवेत. दादा, वहिनी कुठायत?"

"आत," दादा म्हणाले.

"आत म्हणजे?"

"ती कधी बाहेर आलीय? तूच तर दरवर्षी लिहितोस."

बंबकाकांनी घराकडे पाहिलं. एकतीस वर्षं शाळांत, गिरण्यांत, सिनेमागृहांत ते एकच वाक्य सांगत आले होते : बाहेर आलेला माणूस आत जात नाही. आत जाणारे दोन प्रकारचे असतात, शूर आणि मूर्ख, आणि नंतर दोघांना ओळखता येत नाही. हे वाक्य रांगेतल्या प्रत्येकाला पाठ होतं. ठकूलासुद्धा.

"काका," पुतणी हळूच म्हणाली, "करपलेली साखर आहे हो नुसती. मला वास येतोय."

"मलाही येतोय. पण नियम..." त्यांनी घड्याळ पाहिलं. नऊ मिनिटं. केक गेला तर गेला. पण केक गेला की हॉटेल आलं. "नियम चांगला आहे," ते म्हणाले, आणि खोक्यासकट आत गेले.

"आजोबा मूर्ख प्रकारचे का?" मागून ठकूने विचारलं.

"अजून कळायचंय," दादा म्हणाले.

वहिनी ओव्हनसमोर स्टुलावर बसल्या होत्या. खिडकी उघडी, हातात ओला टॉवेल, गळ्यात एक जरीची माळ. घंटा अजून किंचाळत होत्या.

"वहिनी, बाहेर चला!"

"भाऊजी, दाराला हात लावायचा नाही. आत्ता उघडलंत तर केक बसेल."

बंबकाकांचा हात हवेतच थांबला. "पेटलेल्या ओव्हनचं दार उघडायचं नसतं," ते म्हणाले, "हवा मिळते आगीला. हे आमच्या पुस्तकात आहे."

"मग झालं. दोघांचं एकच म्हणणं आहे. बसा."

"बसता येत नाही."

"मग उभे राहा. पण ओव्हन बंद करायचं डोक्यात आणू नका. तीन बोटं म्हणाले होते ना मी?"

"सोडली होती."

"कुणाची? ठकूची?"

बंबकाकांनी काचेतून आत पाहिलं. तळावर एक काळा डाग धुमसत होता, ज्वाळा नव्हती. वर केक डोंगरासारखा उभा होता, एका कुशीतून वाहून गेलेला, आणि तरीही वर येत होता. भरल्या डोळ्यांनी ते पाहतच राहिले. धुरामुळे असेल.

सात मिनिटं असताना बाहेर बंब आला. औषधवाल्याने फोन केला होता. बूट धाडधाड वाजले आणि स्वयंपाकघराच्या दारात शिरस्त्राण घातलेली एक तरुण अधिकारी उभी राहिली. मागे तिघे जण.

"पाच मिनिटं लागली," बंबकाका मनगटाकडे बघत म्हणाले. "ठीक आहे."

"सर?" ती म्हणाली. तिचं प्रशिक्षण त्यांच्याच हाताखाली झालं होतं. तिने आधी खोका पाहिला, मग वहिनी, मग ओव्हन, आणि टॉर्चने तळ तपासून वरच्या घंटा बंद केल्या. "सर, घंटा झाल्यावर बाहेर आलेला माणूस आत जातो का?"

"नाही."

"किती प्रकारचे लोक जातात?"

"दोन."

"तुम्ही कुठले?"

"ते चार वाजता ठरेल," वहिनी म्हणाल्या. "बाई, तुम्ही मागे सरका जरा. वाऱ्याची झुळूक येतेय."

अग्निशमन दल मागे सरकलं. चारच्या ठोक्याला वहिनींनी दार उघडलं, विणायची सुई केकच्या पोटात घातली, बाहेर काढली, उजेडात धरली. सुई कोरडी होती. एवढी वाट त्या चौघांनी कधी पाण्याच्या दाबाचीही पाहिली नसेल.

"झालाय," वहिनी म्हणाल्या.

केकची एक बाजू काळवंडली होती. ती त्यांनी सुरीने तासली आणि उरलेला केक सात जणांत नव्हे, अकरा जणांत कापला. औषधवाला आल्यावर बारा. दंतवैद्य मेहुण्यांनी कापूस उतरवला आणि आगीच्या धोक्याचा प्रश्न मिटला म्हणून पहिल्यांदा आत आले. अधिकारी बाईंनी उभ्याउभ्या दोन तुकडे खाल्ले आणि जाताना बंबकाकांकडून एका कागदावर सही घेतली. त्यात 'सूचनेनंतर आत प्रवेश' असा रकाना होता. बंबकाकांनी तो मुकाट्याने भरला, फक्त एका शब्दाचं शुद्धलेखन सुधारलं.

बंब गेला. खोलीत सगळे चघळत होते. बंबकाकांनी खोक्यातून हात बाहेर काढून तुकडा धरला होता, पण खाल्ला नव्हता. ते पुतणीकडे बघत होते.

"मला नका बघू, काका," पुतणी म्हणाली. तिचा एक पंख खाली लोंबत होता. "मी दहा वर्षं लोकांच्या पार्ट्या करतेय. एवढी गर्दी मी फुकट कधी जमवली नव्हती. पण केकचं आईने सांगायचं."

सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी शेवटचा घास सावकाश गिळला.

"लोणी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मेवा बरोबर आहे. भांडं भरायची अक्कल नाही. ती एका दिवसात येत नसते." त्यांनी हात पुसले. "पुढच्या वर्षी मी दोन दिवस आधी येईन. ह्यांनाही आणीन. तुमची ती मागची खोली रिकामी करून ठेवा, भाऊजी. वर्ष आहे तुमच्याकडे."

"खोलीत होसपाइप आहेत," बंबकाका म्हणाले.

"मग काढा."

धाकटी म्हणाली, "बंबभाऊ, केक खा ना, गार होतोय." पण बंबकाका तोवर मागच्या खोलीच्या दारात आडवे होऊन शिरत होते. आतून काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला, मग कागद फाटल्याचा, मग पुन्हा ओढल्याचा.

"दादा!" आतून हाक आली. "तुला खिडकीजवळ झोपायला चालतं ना?"