लोणी म्हणून दिलेले टायर

त्याचं टायरचं दुकान होतं. त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख जाड होतं, कडेला काळं पडलेलं. टायर घ्यायला आलेला माणूस आधी त्या नखाकडे बघायचा. हा नख रबरात दाबायचा, क्षणभर थांबायचा, मग निकाल सांगायचा. "दगड." किंवा "बरा." किंवा, क्वचित, "लोणी."

टायरच्या बाजूला झिजेचा आकडा छापलेला असतो. आकडा जितका लहान, तितकं रबर मऊ. मऊ रबर कोरडा रस्ता घट्ट धरतं. पण लवकर झिजतं, आणि खाचा झिजल्या की ओल्या रस्त्यावर दगा देतं. भाऊजी, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचे यजमान, तो आकडा कधी बघायचे नाहीत.

"आकडे परक्यांनी वाचावेत," ते म्हणायचे. "आमच्या घरात नख आहे. दादा, त्याचा विमा उतरवून ठेवा."

भाऊजींना नाद एकच. गावाबाहेर विमानांची जुनी धावपट्टी होती. महिन्यातून एका रविवारी तिथे ड्रॅग रेस व्हायची. दोन गाड्या, सरळ चारशे मीटर, बस. भाऊजींची गाडी मात्र तीच, जिच्यातून ते सोमवारी कचेरीत जायचे आणि मुलीला शाळेत सोडायचे. म्हणजे टायरही असे हवेत, की रविवारी पट्टी धरतील आणि सोमवारी रस्त्यावर चालतील.

वर्षाच्या अंतिम फेरीआधी, बुधवारी, बहीण दुकानात आली. बसली नाही.

"दादा, ह्यांना मऊ टायर देऊ नकोस."

"का गं?"

"परवा पावसात शाळेच्या उतारावर गाडी घसरली. पोरगी मागे बसली होती. ह्यांनी सांगितलंच नाही मला, तिनं सांगितलं."

"मग तूच बोल ना त्यांच्याशी."

"माझं ऐकतात होय? तुझ्या नखाचं ऐकतात."

शुक्रवारी भाऊजी आले. दुकानात दोन जोड होते, एक शंभर आकड्याचा, एक चारशेचा. त्यानं चारशेच्या टायरवर नख टेकवलं. रुतलं नाही. त्यानं रुतल्यासारखा अंगठा वळवला.

"लोणी आहे, भाऊजी."

भाऊजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

रविवारी मागच्या चाकांतली थोडी हवा त्यानंच काढली, पकड वाढावी म्हणून. जणू तेवढ्यानं भागणार होतं. हिरवा दिवा लागला. शेजारची गाडी सुटली. भाऊजींची चाकं जागच्या जागी फिरत राहिली, खालून पांढरा धूर.

"काका, पीठ दळताय की काय?" कुंपणावरून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. तोही हसला.

भाऊजी उतरले. टायरकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"माझाच पाय जड, ॲक्सिलरेटर जास्तच दाबला," ते म्हणाले. "दादांनी लोणी दिलं, मी माती केली."

बोलायची वेळ तीच होती. तो चाकांत पुन्हा हवा भरायला वाकला. दोन महिन्यांत भाऊजींनी ती गाडी विकली. पुढे घरात काहीही बिघडलं की ते म्हणायचे, "पायच जड माझा." कप फुटला तरी. बढती हुकली तरी. पहिल्यांदा सगळे हसले होते. नंतर कुणी हसेना. तो दर वेळी चहा संपेपर्यंत थांबायचा, आज सांगू म्हणायचा, आणि चप्पल घालायचा.

अशी अकरा वर्षं गेली.

परवा भाची दुकानात आली. स्वतःची गाडी घेऊन. मागे भाऊजी.

"मामा, मऊ दे. पट्टीपुरतेच. रोजचा जोड वेगळा ठेवलाय मी."

"दे तिला," दाराला टेकून भाऊजी म्हणाले. "उपयोग काय म्हणा. पाय माझाच आलाय पोरीला."

भाचीचा चेहरा उतरला. त्याला तो बघवला नाही.

"पाय नव्हता, भाऊजी," तो म्हणाला.

हवेचा पंप धडधडत होता. भाऊजींना ऐकू गेलं नाही. त्यानं पंप बंद केला. आता तेच पुन्हा म्हणायचं होतं.

"पाय जड नव्हता तुमचा. टायर चारशेचे होते. मी दगडाला लोणी म्हटलं."

भाऊजी आपल्या उजव्या पायाकडे बघत राहिले.

"अकरा वर्षं," एवढंच म्हणाले.

का दिलेत, हे त्यांनी विचारलं नाही. बहिणीचं नाव त्याच्या ओठांवर आलं होतं. त्यानं ते गिळलं.

मग त्यानं मांडणीवरून मऊ टायर उतरवला. नख दाबलं. ते सहज रुतलं, खोल खूण उमटली.

"लोणी," तो म्हणाला.

भाऊजींनी खिशातून चष्मा काढला. गुडघ्यावर हात ठेवून वाकले. टायरच्या बाजूवरून बोट फिरवत त्यांनी आकडा शोधला आणि मोठ्यानं वाचला.

"शंभर."

मग उठले. चष्मा डोळ्यांवर तसाच ठेवला.

"दुसरा दाखवा," ते म्हणाले. या वेळी 'दादा' म्हणाले नाहीत.