शौकतच्या खिशातल्या चिठ्ठ्या

आधी माझा गाढवपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला तोंड राहील. बारा वर्षांपूर्वी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मी पन्हाळ्यावरून तीन दिवसांचं व्यक्तिमत्त्व विकास शिबिर करून खाली उतरले आणि सोमवारी सकाळी ऑफिसच्या फळ्यावरचा लाल रकाना स्वतःच्या नखांनी खरवडून काढला. शाहूपुरीत एका बॅटरीच्या दुकानावर आमचं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. सात जणांची टीम, तिची म्होरकी मी. सगळे मला अक्का म्हणत. काम अजाइल पद्धतीचं, म्हणजे कामाचे दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडायचे आणि रोज सकाळी फळ्यासमोर उभं राहून काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय ते सांगायचं. फळ्यावर चार रकाने होते. करायचंय, चाललंय, झालं आणि लाल पट्टीतला ‘अडलंय’. शिबिरातले गुरुजी म्हणाले होते, तक्रार करणारा माणूस वाढत नाही, शब्द बदला म्हणजे आयुष्य बदलेल. मला ते इतकं पटलं की स्वतःचं सोडून मी बाकीच्या सहा जणांचं आयुष्य बदलायला घेतलं. आजपासून या ऑफिसात कुणाचं काही अडत नाही, असं मी जाहीर केलं. शिबिराचा बिल्ला तेव्हाही गळ्यातच होता. ही बाई घरी तो लावूनच झोपली असावी.

शौकत आमचा टेस्टर. इतरांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, हेच त्याचं काम. रोज मलकापूरहून एसटीनं यायचा, खिडकीजवळच्या टेबलावर बसायचा आणि दिवसभरात मोजकी वाक्यं बोलायचा. त्या माणसाला मी चुकांचं नाव काढायची बंदी घातली होती. तो फळ्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, आणि मान हलवून जागेवर गेला. पुढचे तीन आठवडे फळा लग्नाच्या मांडवासारखा दिसत होता. रोज सकाळी एकेक जण मी घोकवून घेतलेलं गोड वाक्य म्हणायचा आणि मी टाळ्या वाजवायचे.

मग शिरोली एमआयडीसीतल्या ओतकामाच्या एका फाउंड्रीत आमचं सॉफ्टवेअर सुरू झालं. कुठला साचा कुठल्या पाळीत आहे, एवढंच त्यानं दाखवायचं होतं. पहिल्याच दिवशी पाळी बदलली आणि पडद्यावर सगळे साचे कालच्या पाळीत जाऊन बसले. तिथला सुपरवायझर म्हणाला, पावणं, तुमच्या कॉम्प्युटरपेक्षा आमचा खडू बरा हाय. ऑफिसात परत आल्यावर मी सगळ्यांसमोर शौकतला धारेवर धरलं. तुला हे दिसलं कसं नाही, म्हणून आवाज चढवला. त्यानं शर्टाच्या खिशातून घामानं मऊ पडलेल्या तीन चिठ्ठ्या काढून टेबलावर ठेवल्या. तिन्हींवर हाच दोष लिहिलेला, तारखांसकट.

“अक्का, चिठ्ठ्या लिवल्या हुत्या की. लावायच्या कुठं?”

दुसऱ्या दिवशी मी लाल रकाना परत आखला. मोडलेली वस्तू जोडली की झालं, असं मला वाटलं होतं... शौकतनं माझी शिबिराची वही मागून नेली. मी ती नुसती मिरवली होती, त्यानं वाचली. आठवड्याला एक नवी गोष्ट शिकायची, आणि दुसऱ्याला काही सांगायच्या आधी त्याचं ऐकायचं, एवढंच त्यानं तिच्यातून घेतलं. सकाळच्या मीटिंगआधी तो एकेका टेबलाशी जाऊन हळूच विचारायचा. वैशाली नावाची नवी मुलगी बोलताना थरथरायची, तिची पहिली लाल चिठ्ठी त्यानं तिच्या शेजारी उभं राहून लावून घेतली. वर्षभरात कामं वेळेवर जायला लागली. शिरोलीत आमचं नाव झालं आणि हार माझ्या गळ्यात पडले. मीही मान पुढं करून घेतले.

पण त्या रकान्यात शौकतची स्वतःची चिठ्ठी पुन्हा कधी लागली नाही. कामातले दोष तो लावायचा. त्याला रजा हवी आहे, त्याची तब्येत बरी नाही, काम अंगावर येतंय, बाकीचे लावायचे तसलं काही कधीच नाही. मला ते दिसत होतं. दिसून मी काय केलं? नव्या पोरांना त्याचं उदाहरण द्यायला लागले. बघा, माणूस किती वाढलाय...

मी निवृत्त झाले, नातवाच्या मागं धावायला लागले. या वर्षी पावसाळा सरता सरता शौकत अचानक घरी आला. जरा काम हुतं कोल्हापुरात, म्हणाला. बराच वाळला होता. डाएट करतोस काय रे, म्हणून मी त्याला चिडवलं आणि तो हसला. मग तासभर मी माझे गुडघे, माझा नातू, माझी सून यांचं पुराण लावलं. त्यानं ते ऐकलं, माझ्या मोबाइलमधलं अडलेलं काहीतरी दुरुस्त करून दिलं आणि उठला. दारात तो जरा थांबला होता. मला वाटलं, चप्पल शोधतोय.

सतरा दिवसांनी वैशालीचा फोन आला. ती नुसती रडत होती. शौकत गेला, एवढंच कळलं. आठ महिने तो इथल्या दवाखान्यात उपचाराला येत होता आणि खिडकीजवळच्या त्या टेबलाभोवतीच्या कुणालाच पत्ता नव्हता. माझ्याकडे आला तो दिवसही दवाखान्याचाच होता. लवकर बोलला असता तर वाचला असता का, हे मी दोन डॉक्टरांना विचारलं. दोघांनीही सरळ उत्तर दिलं नाही. आता तिसऱ्याला विचारायचा धीर होत नाही.

चाळीसाव्या दिवसाच्या विधीआधी मलकापूरला गेले. नवऱ्यामागं पाळायच्या इद्दतीमुळं घराबाहेर न पडणारी त्याची बायको रेहाना आतल्या खोलीत बसली होती, शेजारी दहावीतली मुलगी. बाहेर पुरुषमाणसं त्याच्या सबुरीचे गोडवे गात होती. मी रेहानाला सगळं सांगितलं. बिल्ला, रकाना, चिठ्ठ्या, दारातलं ते थांबणं. त्याला गप्प बसायला मी शिकवलं का गं, असंही विचारलं. शौकतवर पेपरात लिहायचं मनात आहे, हेही बोलून गेले. मुलगी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली तेवढ्यात रेहाना म्हणाली,

“तुमच्यामुळं झालं का न्हाय, मला म्हाईत न्हाय अक्का. घरात बी बोललं न्हाईत, तवा मी कुणाला धरू? पर पेपरात लिवणार असाल तर एवढं करा, गप सोसलं म्हणून त्यांचं कौतुक करू नगा. माझी पोरगी वाचती.”