अंगणात येणारी विमानं

विमान अंगणात शिरलं की खालू पायलटला पहिला प्रश्न विचारायचा, "नांगर कुठाय तुमचा?"

खालू म्हणजे आमच्या सड्यावरचा, गावावरच्या कातळमाळावरचा, म्हातारा तांडेल. जन्म सगळा जयगड ते मस्कत गलबत हाकण्यात गेला. त्याचं खरं नाव एखाद्या गलबताबरोबर बुडालं असावं; हिंदू-मुसलमान सगळे त्याला खालूच म्हणत, म्हणजे मावसा. बायको गेलेली. मुलगा आफ्रिकेच्या बोटीवर चढला तो तिकडचाच झाला. सड्याच्या टोकाला घर, पुढं हापूसची कलमं, त्यापुढं रचलेल्या दगडांचा गुडघाभर गडगा. शेजार म्हणाल तर वारा.

त्या गडग्यापलीकडच्या उघड्या कातळावर मुंबईचं छोटं विमान उतरू लागलं. टपाल आणि दोन-तीन माणसं. त्यांना गावात न्यायला माझी मोटार असे, म्हणून सगळं डोळ्यांदेखतचं सांगतोय. मी फार तर गोष्ट दुप्पट करतो, त्यापुढं जात नाही.

त्या विमानांना ब्रेक नसत. शेपटाखाली एक लोखंडी दांडी, ती मातीत रुतली की विमान थांबायचं. आमच्या कातळात ती काय रुतणार? नुसत्या ठिणग्या उडायच्या. त्या ठिणग्यांवर मी विड्या पेटवल्यात. त्यात उतार खालूच्या घराकडे. मग विमान मैदान संपवून, गडग्यातल्या गाडीवाटेनं, कलमांच्या कैऱ्या पाडत थेट अंगणात. एकदा तर नाक पडवीत आलं आणि पंख्याच्या वाऱ्यानं चुलीवरचं कालवण निवलं.

खालू खूश. पाहुण्यांना शहाळी, भात, सुरमईचं कालवण. विमान वर ओढायला बैल लागत. ते हाकेच्या अंतरावर होते, पण खालू लांबच्या वाडीत निरोप धाडायचा.

"इथले बैल आजारी हायत, साहेब. तवर जेवून घ्या."

ते बैल मी रोज बघत होतो. एवढे धडधाकट बैल साऱ्या रत्नागिरीत नव्हते. पण मी कशाला बोलतोय? कालवणात माझाही वाटा असे.

एका दुपारी मात्र एका तरुण पायलटची गाडीवाट चुकली. चाकं गडग्यावर आपटली, विमान उलटलं. आत दुसरं कुणी नव्हतं ते नशीब. खालूनं त्याला ओढून काढलं, तेव्हा त्याचा पाय नको तिथं वाकला होता. डॉक्टरनं फळ्या बांधल्या. मुंबईची बोट येईपर्यंत पोरगा खालूच्या खाटेवर होता आणि खालू जमिनीवर. या खेपेला नांगराचं नावही निघालं नाही.

"आणखी जरा जागा असती तर थांबलो असतो, खालू," पोरगा म्हणाला.

त्याला बोटीवर चढवून आम्ही परतलो. दुसऱ्या दिवशी जातो तर खालूच्या हातात कुऱ्हाड, आणि दोन कलमं आडवी.

"हे काय चाललंय?"

"जागा करतोय."

"अहो, ऐन फळती झाडं. आणि विमान तिकडंच थांबायला लागलं तर तुमच्याकडं येणार कोण?"

खालूनं कुऱ्हाडीचा दांडा पुसला. "माझ्याकडं यायला कुणाचा पाय कशाला मोडायला हवा रे?"

मग मीही मोटारीला दोर बांधून खोडं ओढली. गडगा उचलला. कलमांसाठी वर्षानुवर्षं आणून टाकलेली लाल माती मोकळी झाली. तिच्यात ती दांडी अशी रुतायची की विमान घराच्या पुष्कळ अलीकडे उभं राहायचं. माणसं उतरायची, माझ्या मोटारीत बसायची, आम्ही जायचो. अंगणात परत कुणी आलं नाही.

झाडं गेल्यानं पडवीतून आता अख्खा सडा दिसे. खालू हात कपाळाशी धरून उतरणारी माणसं न्याहाळायचा. गावातून परतताना मी त्याच्याकडं टेकत असे.

"आज तिघं होते," तो एकदा म्हणाला. "जाड्याला सर्दी झालीय. मधला दमलेला वाटला. जेवला होता काय रे तो?"

"मुंबईहून जेवूनच निघतात, खालू."

"असं," तो म्हणाला, आणि पुन्हा हात कपाळाशी धरून कातळाकडं बघू लागला. तिथं एक टिटवी चालत होती.