हुलसूरच्या साईटमागचा खड्डा

पंधरा दिवसांपूर्वी हुलसूरला जाऊन आलो आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. लिहावं की नको, असं इतके दिवस चाललं होतं... शेवटी लिहितोय.

मी सिव्हिल इंजिनिअर, या भागात घरं बांधतो. उन्हाळ्यात हुलसूरच्या बाहेर एका शिक्षकांचं घर पूर्ण केलं. घराला लागूनच महानंदाअक्कांचं रान. प्लॉटवरच्या बोअरला पाणी लागलं नाही, तेव्हा स्लॅबवर मारायला याच बाईंनी आपल्या बोअरचं पाणी दिलं... आम्ही न मागता.

वास्तुशांती दोन दिवसांवर आली आणि घरामागे हा ढीग. सिमेंटच्या, पुट्टीच्या रिकाम्या पिशव्या, टाइल्सवरची प्लास्टिकची कव्हरं, पाइपचे तुकडे, मजुरांचे पाण्याचे पाऊच. आमचे मिस्त्री रसूलभाई म्हणाले, "साब, भंगारवाला चार दिवसांनी येतो म्हणालाय. थांबू की."

मी थांबलो नाही. बांधाच्या कडेला जेसीबीनं खड्डा काढला, सगळं आत ढकललं आणि वर मुरूम पसरला. पाहुण्यांनी स्वच्छ अंगणाचं कौतुक केलं, ते मी मान डोलावत ऐकून घेतलं.

पंधरा दिवसांपूर्वी शिक्षकांचा फोन आला, अक्का तुम्हाला बोलावतायत म्हणून. मला वाटलं, त्यांनाही घर बांधायचं असेल... रसूलभाईंना घेऊन खुशीत निघालो.

अक्का बांधावर उभ्या होत्या. पायाशी जुन्या लुगड्यात बांधलेली दोन मोठी गाठोडी. म्हणाल्या, "सायेब, तुमचं सामान वाहून आलंय माझ्या रानात. गोळा करून ठिवलंय."

पावसानं मुरूम धुपून गेला होता. बाकीचं प्लास्टिक वाहत जाऊन चरीत अडकलं होतं आणि पाणी मागं तुंबलं होतं. त्या कोपऱ्यातली तूर पिवळी पडून माना टाकून उभी... तुरीला साचलेलं पाणी सोसत नाही, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही.

आणि मी काय बोललो? "वाऱ्यानं उडून आलं असेल, अक्का."

रसूलभाईंनी मान खाली घातली. अक्का शांतपणे म्हणाल्या, "तुमी पुरलं तवा मी हितंच पाणी द्यायलते की. समदं दिसायलतं."

कसंबसं विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललात?

"मला वाटलं, मातीत गेल्यावर इरघळत आसंल. तुमी शिकलेली मानसं, उगंच पुरताल व्हय?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं... त्यांनी खरंच माझ्या शिक्षणावर विश्वास ठेवला होता.

"चुकलं अक्का. माझ्याच सांगण्यावरून पुरलं," एवढं म्हणालो. नुकसान भरून देतो म्हटलं तर म्हणाल्या, "ते मागून बगू. आदी चर मोकळी करा."

रसूलभाई आणि मी खोरी घेऊन चरीत उतरलो. अंधार पडायच्या आत पाणी वाहतं झालं. दुसऱ्या दिवशी मजूर लावून खड्डा उकरला... चिखलात रुतलेली कव्हरं ओढली की फाटायची, हातात निम्मीच यायची. सगळं निघालं असं मी म्हणणार नाही.

पिशव्या आणि पाइपचे तुकडे भंगारवाल्यानं नेले. पातळ कव्हरं घ्यायला कुणीच तयार नाही. ती पोत्यांत भरून माझ्या ऑफिसात पडली आहेत, येणारा-जाणारा विचारतो आणि मला सांगावं लागतं.

चिटगुप्प्याच्या चालू साईटवर पाऊच बंद करून माठ ठेवलाय. सिमेंटची पिशवी रिकामी झाली की झटकून गठ्ठ्यात जाते, रसूलभाई स्वतः बघतात. टाइल्सच्या दुकानदाराला म्हटलं, कव्हरं परत घ्या... तो हसला. पुन्हा जाऊन सांगणार आहे.

त्या कोपऱ्यातली तूर काही सावरली नाही. अक्कांनी मात्र त्या दिवशी निघताना आम्हा दोघांना बसवून चहा दिला. तो पिताना त्यांच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

अक्का फेसबुकवर नाहीत. माझ्या ओळखीचे बरेच ठेकेदार आहेत. तुमच्याही एखाद्या साईटमागे असा खड्डा असेल, तर शेजाऱ्यानं बोलावणं धाडायच्या आधी उकरून काढा. मला उशीर झाला.