थांबायला शिकवणाऱ्या वहिनी

आमच्या थोरल्या वहिनींइतकी उतावीळ बाई जुन्नर तालुक्यात दुसरी झाली नसेल, आणि वस्तीवरच्या सगळ्या पोरांना थांबायला शिकवलं ते त्यांनीच. एसटी उभी राहायच्या आत त्यांचा एक पाय जमिनीवर असे. चहाला उकळी फुटेपर्यंत त्यांना धीर निघत नसे, त्यामुळे आमच्या घरचा चहा कायम फिक्का. मी निवृत्त होऊन गावी राहायला आल्यावर त्यांनी माझ्या पुस्तकांकडे लक्ष वळवलं. मी मध्यावर असताना त्या शेवटचं पान वाचून घेत आणि जाता जाता सांगत, "भावजी, तो म्हातारा मरतोय बरं का." माझा पुढचा त्रास वाचवल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर असे.

अशा बाईंच्या हाती पिंपळवंडीजवळच्या आमच्या वस्तीवरची अंगणवाडी होती. चिडलेल्या पोराला त्या "काय झालं?" असं कधी विचारत नसत. "कुठं बसलाय राग? हात लावून दाव," म्हणत. पोरगं रडणं विसरून राग शोधायला लागे. तो हातात सापडला तर त्याला पाण्याची कळशी उचलायला लावत, पायात सापडला तर चिंचेला फेरी मारून यायला सांगत. घशात सापडला तर म्हणत, "आधी पाणी पी, मग सांग. मी थांबते." थांबत मात्र नसत. पोराचं पहिलं वाक्य अर्धं व्हायच्या आत उरलेली कहाणी त्याच सांगून टाकत आणि निकालही देऊन मोकळ्या होत.

एका वर्षी त्यांच्याकडे ईश्वरी नावाची मुलगी आली. ती चावायची. कुणाला खिचडी तिच्या आधी मिळाली की संपलंच. ओमच्या दंडावर तिचे दात उमटले त्या दिवशी ओमची आई चार बायकांना घेऊन दारात उभी राहिली. "बाई, ह्या पोरीला घरी धाडा. न्हाई तर उद्यापासनं आमची पोरं येनार न्हाईत." ईश्वरीची आई दुसऱ्याच्या टोमॅटोत कामाला जाणारी. पोरीला एकटीला घरी ठेवावं तर घराला लागून ऊस, आणि उसात बिबट्या. वहिनी म्हणाल्या, "जत्रेपतूर थांबा. मग तुमी म्हनाल तसं." मग त्यांनी ईश्वरीला राग कुठं बसलाय ते विचारलं. तिनं शांतपणे दातांवर बोट ठेवलं. दातांसाठी वहिनींकडे उपाय नव्हता.

उपाय निघाला तो बैलगाड्याचा. आमच्याकडे पोर चालायला लागलं की शर्यतीचा बैल होतं. वहिनींनी ठिबकच्या जुन्या नळीचं जू केलं आणि त्यात नेमकं ईश्वरीला आणि ओमलाच जुंपलं. वहिनींच्या हातातला इशाऱ्याचा रुमाल खाली पडल्याशिवाय हलायचं नाही आणि एकट्यानं पळायचं नाही, नाही तर गाडा बाद. सुरुवातीला ईश्वरी आधीच उधळायची आणि मागून ओम फरफटत ओरडायचा, "अगं ए, माजा खांदा!" हळूहळू ती ओठ घट्ट मिटून उभी राहायला लागली. शेजारून ओम पुटपुटत राही, "आजून न्हाई... आजून न्हाई..."

जत्रेच्या आदल्या दिवशी देवळापुढं पोरांचा गाडा लागला. ओमची आई सगळ्यांच्या पुढं, कमरेवर हात ठेवून. वहिनींनी रुमाल वर धरला, आणि व्हायचं तेच झालं. त्यांनाच दम निघाला नाही. रुमाल हातातच, आणि "पळाऽऽ" असं ओरडून त्या स्वतःच धावत सुटल्या. मागं एकही बैल हलला नव्हता. ईश्वरी थरथरत होती, पण जागेवर होती. "बाईऽ," ती ओरडली, "रुमाल पडला न्हाई आजून!" सगळं देऊळ हसलं. ओमच्या आईलाही हसू आवरेना. "ऱ्हाऊ द्या पोरीला," ती म्हणाली. "आता बाईंनाच जुंपा."

वहिनी गेल्या त्याही तशाच. माझा थोरला भाऊ डॉक्टरांना घेऊन येईपर्यंतसुद्धा त्यांना धीर निघाला नाही. घर माणसांनी भरलं. मी ओट्यावर पुस्तक उघडून बसलो होतो. पान उलटत नव्हतं, आणि शेवट काय ते सांगून टाकणारं आता कुणी नव्हतं. ईश्वरी तिच्या आईबरोबर आली. आता ती पहिलीत आहे. आई आत बायकांत जाऊन बसली. ही मात्र माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"बाबा, कुठं बसलंय? हात लावून दावा."

मी खरंच शोधलं. हात गळ्याशी गेला. ती आत जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आली. "आधी पानी प्या, मग सांगा. मी थांबते."

मी पाणी प्यालो. सांगायला लागलो, पण पहिलं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. ईश्वरी ओठ घट्ट मिटून समोर उभी होती. ती जागची हलली नाही.