अण्णांचा कॉम्प्युटर आणि फिरता बदाम

असेंबल्ड कॉम्प्युटर बनवणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात. एक म्हणजे स्क्रू. मशीन बसवलं, झाकण लावलं, चालू करून दाखवलं, तरी टेबलावर चार स्क्रू उरतातच. कुठले, ते विचारायचं नाही! दुसरी गोष्ट म्हणजे किस्से. गिऱ्हाईक मशीन घेऊन घरी जातं, किस्सा दुकानातच राहतो. स्क्रू आम्ही पुढच्या मशीनला वापरून टाकायचो. किस्से मात्र तसेच पडून राहिले.

गोष्ट नव्वदच्या दशकातल्या शेवटच्या वर्षांची. साताऱ्यात राजवाड्याजवळ एका जिन्याखाली आमचं दुकान होतं. आमचं म्हणजे माझं आणि दिल्याचं. दिल्या मूळचा सांगलीकडचा, तासगावचा. हातात स्क्रू ड्रायव्हर आणि तोंडात भाषण, दोन्ही एकदम चालायचं.

आणि आमचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे कोरेगावचे अण्णा. लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचे. क्यामेरा चांगला, हात स्थिर, स्वभाव गोड. पण त्या वर्षी साताऱ्यात दुसऱ्या कुणीतरी कॉम्प्युटरवर मिक्सिंग सुरू केलं, आणि अण्णांच्या ऑर्डरी तुटायला लागल्या. एके दिवशी रडवेल्या चेहऱ्यानं दुकानात आले.

"लोकं आता एकच इचारत्यात. तुमच्याकडं बदाम फिरतो का?"

"बदाम?"

"आवं, नवरा-नवरी बदामात बसत्यात आन् बदाम गर्रकन फिरतो! आमच्याकडं नुसती नवरा-नवरी. बदाम न्हाई, फिरणं न्हाई. सीझन तोंडावर आलाय. हे जमलं न्हाई तर क्यामेरा इकून ऊस तोडायला जातो बघा."

बजेट विचारलं. अण्णांनी सांगितलं. दिल्यानं बोटांवर हिशेब केला. मग म्हणाला, "जमंल. पन एकेक पार्ट घिऊया."

*

पहिला पार्ट कोणता घ्यायचा, हे अण्णांनीच ठरवलं. क्याबिनेट!

आम्ही सांगून दमलो की अण्णा, क्याबिनेट म्हणजे नुसता पत्र्याचा डबा, तो शेवटी घ्या. पण वहिनी, अण्णांच्या सौभाग्यवती, सोबत आल्या होत्या. त्यांनी दुकानातली सगळी क्याबिनेटं बोटानं टकटक वाजवून बघितली आणि सगळ्यात उंच, सगळ्यात जड टॉवर पसंत केला. "ह्यो दिसतोय तरी! बाकीची मिक्सरच्या खोक्यागत हायती."

अण्णा तो रिकामा टॉवर घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात सहज कोरेगावला डोकावलो, तर पुढच्या खोलीत स्टुलावर टॉवर, त्याला झेंडूचा हार, वर कुंकवाचं बोट, आणि आसपास बसलेली पाच-सहा मंडळी भक्तिभावानं बघतायत.

एकजण म्हणाला, "अण्णा, जरा चालू करून दावा की!"

अण्णा शांतपणे म्हणाले, "आत्ता न्हाई. लय ऊन हाय. कंपनीनं सांगितलंय, गारवा पडल्याशिवाय बटन दाबायचं न्हाई."

आणि माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. काय करणार! मीही मान डोलावली.

*

मग आली र्‍यामची वेळ. अण्णांना र्‍याम आणि हार्ड डिस्क यातला फरक कळेना. दोन्हीत 'जागा' असते, मग दोन्ही कशाला? एकच मोठं घेऊ!

दिल्यानं भाषण सुरू केलं. "हे बघा अण्णा. हार्ड डिस्क म्हंजे फडताळ. सगळा माल तिथं. र्‍याम म्हंजे स्वयंपाकाचा ओटा. फडताळातनं काढायचं, ओट्यावर मांडायचं, चिरायचं, फोडणी टाकायची. ओटा बारका असला की बाईची चिडचिड. तसं कॉम्प्युटर चिडतंय."

अण्णांना एका झटक्यात पटलं. वहिनींनाही पटलं. मदरबोर्ड जरा हलका घेऊ, पण ओटा मोठाच घ्यायचा, असं ठरलं. पुढे महिनाभर अण्णा येईल-जाईल त्याला सांगत होते, "आमच्या कॉम्प्युटरचा ओटा लय मोठा हाय!"

वहिनी मात्र त्या दिवशी दुकानातून निघता निघता थांबल्या. बराच विचार करून म्हणाल्या, "भावजी, फडताळ झालं, ओटा झाला. मोरी कुठाय?"

दिल्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मग चालत्या मशीनवर कोपऱ्यातली रिसायकल बिन दाखवली. तेव्हा कुठे बाई समाधानानं घरी गेल्या!

*

मॉनिटर सांगलीत स्वस्त मिळाला. दिल्याच्या ओळखीच्या माणसाकडे. पंधरा इंची, काचेचा, मागे हे एवढं कुबड. तो मी आणि दिल्यानं एसटीनं आणला. दोघांच्या मांड्यांवर आडवा, खोकं नाही, नुसता चादरीत गुंडाळलेला.

नेमकी त्या दिवशी क्रिकेटची म्याच. चादर जराशी सरकली आणि मागचा एकजण ओरडला, "टीव्ही हाय! टीव्ही हाय!"

मी सांगितलं, हा टीव्ही नाही, मॉनिटर आहे. पण कोण ऐकतो! "आवं लावा की! फायनलवानी म्याच हाय! डायवर, ब्याटरीला जोडता येतंय का बघा!"

ड्रायव्हर माणूस रसिक. म्हणाला, "वायर लांब आसंल तर जोडू." दिल्या त्याला गंभीरपणे सांगायला लागला की नुसत्या वायरनं भागत नाही, सीपीयू पाहिजे, टीव्ही दिसायला ट्युनर कार्ड पाहिजे. कंडक्टर म्हणाला, "कुठं मिळतंय? पेठ नाक्याला?"

कराड स्टँडवर गाडी लागली तोवर बातमी आमच्या आधी पोचली होती. कशी, देव जाणे! खिडक्यांना पन्नास माणसं लोंबकळली. "स्कोर काय? स्कोर काय?"

कंडक्टरनं दार उघडलं, खाली उतरला आणि रुबाबात म्हणाला, "गप्प बसा रं! अजून कार्ड आलं न्हाई!"

*

मशीन उभं राहिलं. कोरेगावला नेऊन बसवलं. बटण दाबलं. पडदा उजळला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, अण्णांनी भारावून टॉवरवर हात ठेवला आणि "आई गं!" करून मागे उडाले. घराला अर्थिंगच नव्हतं.

मग दिल्यानं परसात खड्डा काढायला लावला. तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, वर माती. वहिनींना बजावलं, "इथं रोज तांब्याभर पाणी घालायचं. कोरडं पडू द्यायचं न्हाई. चुकलं की कॉम्प्युटर झटका देणार."

वहिनी श्रद्धाळू. रोज सकाळी आंघोळ करून पाणी घालायच्या. शेजारच्या बायकांनी दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी एकीनं विचारलं, "ह्यो कुठला देव, वो?"

वहिनी म्हणाल्या, "देव न्हाई. पन कोप हुतोय."

एवढं पुरे झालं! हळद-कुंकू सुरू झालं. मग कुणीतरी एक गोटा शेंदूर लावून ठेवला. अमावस्येला नारळ फुटायला लागले.

पुढे एकदा दिल्या मीटर घेऊन तपासायला गेला. आल्यावर त्यानं मीटर टेबलावर ठेवून हात जोडले. म्हणाला, "गड्या, एवढं भारी अर्थिंग मी शिकत हुतो तवा पुस्तकात बी बघितलं न्हाई. नारळाचं पाणी पितंय ते!"

*

अण्णांचे वडील, आबा, रिटायर्ड एसटी ड्रायव्हर. सगळी नोकरी महाबळेश्वरच्या घाटात गेलेली. ते एकदा अण्णांबरोबर दुकानात आले आणि दिल्या खेळत होता तो गाडी पळवायचा गेम बघून जागच्या जागी थिजले.

घरी गेल्यावर भांडण! अण्णांना क्यामेऱ्यातलं शूटिंग कॉम्प्युटरमध्ये घ्यायला क्याप्चर कार्ड पाहिजे, आणि आबांना गेमसाठी थ्रीडी कार्ड. बजेटमध्ये एकच बसत होतं.

"आवं आबा, ही पोटाची भाकरी हाय!"

"आन् मी दिवसभर घरात बसून काय करू? लोकांची मंगलाष्टकं ऐकू?"

आबा दोन दिवस जेवले नाहीत. म्हणजे घरी जेवले नाहीत, स्टँडवर मिसळ खाल्ली, पण अण्णांना ते माहीत नव्हतं. शेवटी दिल्यानं सांगलीतून कुणाचंतरी वापरलेलं थ्रीडी कार्ड पैदा केलं, आणि घरात दोन्ही कार्डं आली.

आबांचा पहिला दिवस बघायला आम्ही मुद्दाम गेलो. लाल रंगाची स्पोर्ट्स कार. शिट्टी झाली. बाकीच्या गाड्या झूम करून गेल्या. आबा हलेनात.

"आबा, सोडा की गाडी!"

"थांब. मागचं बघू दे."

मग निघाले. चाळीसच्या वर काटा नाही. वळण आलं की एक हात कीबोर्डवरून सुटून उजवीकडे बाहेर जायचा, सिग्नल द्यायला! मागून गाडी आली की डावीकडे घेऊन वाट द्यायचे. मध्येच म्हणाले, "हॉर्न कुठाय ह्याला? हॉर्न न्हाई आन् घाटात सोडली गाडी? कुठल्या डेपोची म्हनायची?"

अर्ध्या रस्त्यात पडद्यावर लाल अक्षरांत 'टाइम ओव्हर' आलं. आम्ही हळहळलो. आबांनी शांतपणे चष्मा पुसला.

"आसूं दे. पॅसेंजर सुखरूप हायेत न्हवं?"

*

एक बारीकसा किस्सा. एप्रिलात मशीन तापून बंद पडायला लागलं. आम्ही आत जादा पंखा बसवून दिला. तरी तापतंय म्हणून अण्णांनी बाजूचं झाकण काढून घरातला टेबलफॅनही त्याच्यासमोर लावला.

आबा घामानं निथळत बघत होते. म्हणाले, "पुढच्या जन्मी मला कॉम्प्युटर कर रे देवा!"

*

आता शेवटचा. हा सांगताना दिल्याला अजून ठसका लागतो.

अण्णांना सांगलीची मोठी ऑर्डर मिळाली. कॉम्प्युटर मिक्सिंगची पहिलीच. बदाम फिरणार होता! ही कॅसेट सांगलीत लोकांनी बघितली आणि आवडली, की सीझन अण्णांचा.

पण आमची हार्ड डिस्क बजेटातली. एका दुपारी दुकानात फोन. अण्णांचा.

"आवं, अंतरपाट धरलाय आन् जागा संपली!"

दिल्यानं फोन घेतला. "काहीतरी डिलीट करा."

"काय करू? मंगलाष्टका सोडून वर तीनच तुकडं हायती. गौरीहराची पूजा, मामा नवरीला हाताला धरून आणत्यात त्यो, आन् पंगत."

"पूजा ठेवा. पंगत ठेवा, लोकं सोताला शोधत्यात त्यात. मामा उडवा. मामा काय, परत्येक लग्नात असतोच!"

अण्णांनी मामा उडवले. रिसायकल बिनमधूनही साफ केले. जागा झाली, मंगलाष्टका बसल्या, अक्षता पडल्या.

दुसऱ्या दिवशी सांगलीहून खुद्द मामांचा फोन आला. मुलीला वडील नव्हते, मामांनीच लहानाची मोठी केलेली, लग्नही त्यांनीच करून दिलेलं. म्हणाले, "अण्णा, पोरीला मी मांडवात घिऊन येतो, त्यो सीन जरा स्लो मोशन करा बरं का. सगळ्या गल्लीला बोलावलंय बघायला."

अण्णा तडक साताऱ्याला आले. तोंड पांढरं. क्यामेऱ्याच्या कॅसेटवरून पुन्हा घेऊ म्हटलं, तर काटकसर म्हणून त्याच कॅसेटवर रहिमतपूरचं लग्न चढवलेलं!

आता मामा उरले होते फक्त पंगतीत. तेही एकाच ठिकाणी. वाढपी जिलेबीचं ताट घेऊन येतो आणि मामा हसत उजवा हात वर करून "बास, बास" म्हणतात, एवढंच.

तिघंही कोरेगावला गेलो आणि दिल्यानं तो तुकडा तीनदा बघितला. मग खुर्ची पुढे ओढली. "अण्णा, हा हात बघा. जिलेबी कापली, तर आशीर्वाद हाय हा!"

सॉफ्टवेअरमध्ये तयार आकार होते. बदाम नवरा-नवरीला दिलेला. चांदणी बारकी. राहिला ढग. मंगलाष्टका चालू, वर उजव्या कोपऱ्यात पांढराशुभ्र ढग उघडतो, ढगात मामा, चेहऱ्यावर हसू, हात वर, आणि वरून संथपणे गुलाबाच्या पाकळ्या पडतात. स्लो मोशनमध्ये.

आम्हाला तिघांनाही गहिवरून आलं, खोटं कशाला सांगू!

सांगलीत कॅसेट लागली. गल्ली खूष. बदाम फिरला तेव्हा शिट्ट्या पडल्या. ढग आला तेव्हा मामा स्वतः उठून उभे राहिले आणि म्हणाले, "देवागत दावलंय मला!" अण्णांना तिथल्या तिथं आणखी दोन लग्नं मिळाली. मामांनी हौसेनं कॅसेटच्या कॉप्या काढल्या आणि लग्नाला येऊ न शकलेल्या पाहुण्यांना पाठवून दिल्या. मिरज, जत, शिरवळ, सगळीकडे.

चार दिवसांनी अण्णा दुकानात बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. मामाच. एवढ्या मोठ्यानं बोलत होते की रिसीव्हर न धरताही आम्हाला ऐकू येत होतं.

"अण्णा, त्यो ढग आधी काढा! सकाळपास्नं तिसरी पार्टी दुखवट्याला भेटायला आली! मिरजेचे पाव्हणे पांढऱ्या टोप्या घालून दारात हुबं हायती! जतची आत्या तर माझ्याच गळ्यात पडून माझ्यासाठी रडतीय, आन् सोडंना!"

अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चहाचा घोट घेतला.

"काढतो की, मामा. पन डिस्कवर जागा न्हाई. आता कुनाला डिलीट करू, तेवढं सांगा!"